मागच्या बाकावरचा प्रश्न आणि चार जुने फोटो

बाई (शिक्षिकेला आम्ही बाईच म्हणत आलो, सवय जात नाही), तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नववीच्या वर्गात तुम्ही अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीचे चार फोटो दाखवलेत. बर्मिंगहॅममधला मुलगा आणि पोलिसी कुत्रा, लिटल रॉकची शाळकरी मुलगी, मेम्फिसचे फलक धरलेले सफाई कामगार आणि बसमध्ये बसलेल्या रोझा पार्क्स. 'वेगवेगळ्या दृष्टिकोनांतून अर्थ लावा,' असं सांगितलंत. मुलांनी एका वाक्यात काम उरकलं, 'काळ्या लोकांवर फार अन्याय झाला.' आणि मागच्या बाकावरून एकाने विचारलं, 'बाई, पोलिसांची बाजू काय होती?' वर्ग हसला, तुम्ही त्याला खाली बसवलंत आणि आता ते तुम्हालाच खातंय. दृष्टिकोन म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच तोलायच्या का, हा तुमचा खरा सवाल.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. एकतीस वर्षं एका मराठी दैनिकाच्या फोटो डेस्कवर काढली. रोज संध्याकाळी शंभर-दीडशे फोटोंतून पाच-सहा निवडायचे, कापायचे, त्यांच्याखाली ओळी लिहायच्या आणि पान सोडायचं. निवृत्तीनंतर पत्रकारितेच्या मुलांना फोटो वाचायला शिकवतो. त्यात तुमच्या चारांपैकी तीन फोटो दरवर्षी असतातच. तेव्हा पुढे जे लिहितोय ते डेस्कवरच्या माणसाचं आहे, त्या हिशेबानेच घ्या.

गोंधळ शब्दाचा आहे असं मला वाटतं. 'बाजू' हा कोर्टाचा आणि वादविवाद स्पर्धेचा शब्द. तिथे दोनच असतात, अनुकूल आणि प्रतिकूल, आणि परीक्षक दोघांना सारखी मिनिटं देतो. 'दृष्टिकोना'त मात्र कोन आहे. कोण कुठे उभं राहून बघतंय, एवढंच तो शब्द विचारतो. एका मोर्च्याच्या फोटोत असे सहा-सात कोन सहज निघतात: फोटोत असलेला माणूस, त्याच्यासमोरचा माणूस, मागे उभा राहून बघणारा, कॅमेरेवाला, तो फोटो निवडणारा डेस्कवाला, सकाळी चहाबरोबर तो बघणारा वाचक आणि साठ वर्षांनी वर्गात बसलेला तुमचा विद्यार्थी. यातल्या कुणालाही समान गुण द्यायचे नाहीत. तो कुठे उभा होता, तिथून त्याला काय दिसत होतं आणि काय दिसणं शक्यच नव्हतं, एवढं शोधायचं. न्याय-अन्याय त्यामुळे पुसला जात नाही. उलट नीट दिसतो.

किती खोल जायचं हे तुमच्याकडे किती तास आहेत त्यावर अवलंबून आहे. मुलांच्या वयावरही आहे. आणि तुमच्या हातात मूळ अख्खी चौकट आहे की इंटरनेटवरून उचललेला कापीव तुकडा, यावर तर फारच. एकच तास असेल तर एकच फोटो घ्या. चार फोटो चाळीस मिनिटांत दाखवले की मुलं वाक्य एकच देणार, त्यांचा दोष नाही.

मी स्वतः बर्मिंगहॅमपासून सुरुवात करतो. हे अलाबामातलं बर्मिंगहॅम, इंग्लंडमधलं नव्हे. मुलं हमखास चुकतात. तारीख ३ मे १९६३, कॅमेरा असोसिएटेड प्रेसच्या बिल हडसनचा. फोटोखालच्या ओळी कागदाने झाकायच्या आणि पहिली दहा मिनिटं कुणी 'अन्याय', 'क्रूर', 'बिचारा' हे शब्द वापरायचे नाहीत, असा माझा नियम. फक्त हात, पाय, नजर. मग मुलं बोलायला लागतात. काळ्या चष्म्यातला पोलीस एका हाताने मुलाचा स्वेटर धरून आहे. दुसऱ्या हातात कुत्र्याचा पट्टा. कुत्रा मुलाच्या पोटावर झेपावलाय. मुलगा उंच, सडपातळ, नजर खाली. मागे रस्त्यावर लोक उभे. आणखी एक कुत्रा, आणखी एक पोलीस. एवढं झालं की बहुधा एखादी मुलगी म्हणते, 'सर, त्याने पोलिसाचा हात धरलाय.' दुसरा म्हणतो, 'गुडघा बघा, वर आहे.' पहिल्या नजरेला जो मुलगा अंग सैल सोडून उभा वाटतो, तो दहा मिनिटांनी तसा राहत नाही. हे फोटोतच होतं. घाईत निसटलं होतं.

यानंतर मी माहितीचा पहिला हप्ता देतो. मुलाचं नाव वॉल्टर गॅड्सडेन. तो त्या दिवशीच्या वर्णभेदाविरुद्धच्या मोर्च्यात नव्हताच, बघायला आला होता. त्याच्या नात्यातल्या लोकांची कृष्णवर्णीयांसाठीची वर्तमानपत्रं होती आणि मार्टिन ल्युथर किंग यांची आंदोलनाची पद्धत त्या मंडळींना पसंत नव्हती. म्हणजे जगाने ज्याला चळवळीचा चेहरा मानलं, तो त्या दिवशी बघ्या होता. वर्गात इथे नेहमी शांतता पसरते आणि मग कुणीतरी विचारतं, 'मग फोटो खोटा का?' खोटा नाही. कुत्रा खरा, दात खरे. 'हा मोर्चेकरी आहे' हे वाक्य मात्र आपण घातलं, ते फोटोत लिहिलेलं नव्हतं.

आता डेस्कवाल्याचा कोन, म्हणजे माझा. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सने हा फोटो पहिल्या पानावर घेतला. मी त्या खुर्चीत असतो तर मीही हाच घेतला असता, आणि का घेतला असता ते प्रामाणिकपणे सांगतो. तीनच पात्रं, तिघंही स्पष्ट. गणवेश, जनावर, शाळकरी पोर. तीन कॉलमांत बसतो, वाचकाला काही समजावून सांगावं लागत नाही. त्याच दिवसांत बर्मिंगहॅममध्ये याहून मोठी गोष्ट घडत होती. २ मेपासून हजाराहून जास्त शाळकरी मुलं, वर्ग सोडून, सोळाव्या रस्त्यावरच्या बाप्टिस्ट चर्चमधून तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडत होती आणि गात गात अटक करून घेत होती. मोठी माणसं मोर्च्यात आली तर नोकरी जाण्याची भीती होती, म्हणून जेम्स बेव्हेल या कार्यकर्त्याने मुलांना तयार केलं होतं. प्रशिक्षण, शिस्त, डावपेच, सगळं त्यात होतं. पण हसत हसत पोलीस गाडीत चढणाऱ्या मुलींचा फोटो पहिल्या पानावर कोण घेणार? उत्तरेकडच्या गोऱ्या वाचकाला मार खाणारा कृष्णवर्णीय बघून कळवळा येत होता. आपली लढाई आपण आखणारा कृष्णवर्णीय बघून तोच वाचक थोडा सावरून बसला असता. काही अभ्यासकांनी हे सविस्तर मांडलंय, आणि डेस्कवर बसलेल्या कुणालाही ते नाकारता येणार नाही. आपल्याकडेही दलित वस्तीतली बातमी असली की टाहो फोडणाऱ्या बाईचाच फोटो निवडला जातो, मीही निवडलाय. त्याच वस्तीतली मुलं अभ्यासिका चालवतात त्याचा फोटो 'नंतर बघू' म्हणून फोल्डरमध्ये पडून राहायचा.

वाचकांचेही कोन वेगळे. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी तो फोटो बघून मळमळल्याचं सांगितलं. शीतयुद्ध चालू होतं, मॉस्कोच्या हातात आयतं कोलीत मिळालं, त्यामुळे वॉशिंग्टनची काळजी दुहेरी होती. आणि खुद्द बर्मिंगहॅममध्ये? तिथल्या प्रमुख दैनिकाच्या छायाचित्रकारांनी त्या काळात भरपूर फोटो काढले, त्यातले कितीतरी छापलेच गेले नाहीत. २००४ मध्ये एका शिकाऊ छायाचित्रकाराला ऑफिसच्या कपाटात एक खोका सापडला. त्यावर 'ठेवा, विकू नका' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं, आत हजारो निगेटिव्ह. त्यातले निवडक फोटो त्याच दैनिकाने २००६ मध्ये पुरवणी काढून छापले. न छापलेला फोटो हाही एक दृष्टिकोन असतो, हे मुलांना त्या खोक्यावरून पटकन समजतं.

मग तुमच्या मागच्या बाकाकडे येऊ. त्याचा प्रश्न मी हसण्यावारी नेला नसता, कारण त्याचं उत्तर नोंदलेलं आहे. पोलिसांचं म्हणणं कायद्याचं होतं. मोर्च्याला परवानगी नव्हती, एप्रिलमध्ये न्यायालयाने निदर्शनांवर मनाई हुकूम दिला होता आणि तो मोडल्याबद्दल किंग यांना १२ एप्रिलला अटकही झाली होती. हे सगळं फळ्यावर लिहा. मग विचारा, त्या शहरात बाकीचे कायदे कोणते होते? बर्मिंगहॅममध्ये गोऱ्या आणि काळ्या माणसांनी एकत्र बसून चेकर्स किंवा डॉमिनो खेळायलाही बंदी होती. सोंगट्या, बाई. त्या पोलिसाचा वरिष्ठ, सार्वजनिक सुरक्षा आयुक्त बुल कॉनर, असल्या कायद्यांचा रखवालदार होता. पोलिसाची बाजू समजून घेतली म्हणजे ती उचलून धरली असं होत नाही. 'मी कायदा पाळत होतो' हे वाक्य कशाच्या आधारावर उभं आहे ते त्या मुलाला स्वतः शोधू द्या. तुम्ही गप्प बसवलंत तर तो घरी जाऊन मोबाईलवर शोधेल, आणि तिथे त्याला काय सापडेल याची मला जास्त धास्ती वाटते.

एक गंमत जाता जाता. बर्मिंगहॅममधल्या केली इन्ग्रॅम पार्क या बागेत या प्रसंगाचा पुतळा आहे. त्यात मुलगा फोटोतल्यापेक्षा लहान दिसतो, पोलीस धिप्पाड, आणि कुत्रा जवळजवळ लांडगा. फोटो आणि पुतळा शेजारी ठेवून 'काय काय बदललं?' असं विचारलं की पंधरा मिनिटं तुम्हाला बोलावंच लागत नाही. आपल्याकडच्या चौकाचौकांतल्या पुतळ्यांची उदाहरणं मुलंच आणतात.

लिटल रॉकचा फोटो ४ सप्टेंबर १९५७ चा. पंधरा वर्षांची एलिझाबेथ एकफर्ड, हातात वही, डोळ्यांवर गडद चष्मा, अंगावर घरी शिवलेला नवा पोशाख. मागे गोऱ्यांचा जमाव आणि त्यात तोंड वासून ओरडणारी तिच्याच वयाची हेझल ब्रायन. गोऱ्यांच्या त्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलं त्या दिवशी पहिल्यांदाच जायची होती, बाकीच्यांनी एकत्र यायचं ठरलं होतं. एलिझाबेथच्या घरी फोन नव्हता, निरोप पोचला नाही, ती एकटी गेली. तिचं फोटोतलं एकटेपण आपण 'धैर्य' म्हणून वाचतो. त्यामागे एक न पोचलेला निरोप होता हे कळलं तरी धैर्य कमी होत नाही, पण ती मुलगी जास्त खरी वाटायला लागते.

इथे कॅमेरेवाल्याचा कोन अगदी शब्दशः घ्या. विल काउंट्स हा स्थानिक दैनिकाचा तरुण छायाचित्रकार, त्याच शाळेचा माजी विद्यार्थी. त्याच्याकडे छोटा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा होता, एका रोलमध्ये छत्तीस फोटो. त्या काळात बऱ्याच जणांकडे मोठे अवजड कॅमेरे असत आणि प्रत्येक फोटोनंतर फिल्म बदलावी लागे. काउंट्स एलिझाबेथच्या पुढे राहून, उलट पावली चालत क्लिक करत राहिला. म्हणून आपल्याला तिचा चेहरा दिसतो आणि हेझलचाही. तो जमावात मागे उभा असता तर दिसली असती फक्त एक पाठमोरी मुलगी आणि खूप सारी डोकी.

हेझलचं तोंड त्या क्षणी उघडं होतं ते जन्मभर उघडंच राहिलं. काही वर्षांनी तिने एलिझाबेथला फोन करून माफी मागितली. १९९७ मध्ये त्याच काउंट्सने त्याच शाळेसमोर दोघींचा एकत्र फोटो काढला, त्याचं 'समेट' अशा नावाचं पोस्टर निघालं, दोघींची काही काळ मैत्रीही झाली आणि मग तुटली. पुढे एलिझाबेथच्या आग्रहावरून त्या पोस्टरवर एक चिकटपट्टी लावली गेली. आपला दुखरा, सामायिक भूतकाळ प्रामाणिकपणे कबूल केल्याशिवाय खरा समेट होत नाही, अशा अर्थाची. फोटोतल्या व्यक्तीने आपल्या फोटोवर स्वतःची ओळ चिकटवली, हे मला फार मोठं वाटतं. आम्ही डेस्कवाले आयुष्यभर दुसऱ्यांच्या चेहऱ्यांखाली ओळी लिहितो. फार थोड्यांना त्या खोडता येतात.

मेम्फिसच्या फोटोला शब्दांतून शिरा. २८ मार्च १९६८. सफाई कामगारांची भली मोठी रांग, प्रत्येकाच्या हातात एकच फलक, 'आय ॲम अ मॅन'. त्या वर्षी १ फेब्रुवारीला कचरागाडीच्या दाबयंत्रात सापडून दोन कामगार मेले, त्यानंतर तेराशे जण संपावर गेले. मुलांना भाषांतर करायला सांगा. 'मी माणूस आहे' लगेच येतं. मग फलक नीट दाखवा, 'ॲम' या शब्दाखाली रेघ आहे. इंग्रजीला जिथे रेघ लागली तिथे मराठीला एक 'च' पुरतो: 'मी माणूस आहेच.' पण अजून काहीतरी राहतं. तिकडे साठ वर्षांच्या कृष्णवर्णीय माणसालाही गोरे 'बॉय' म्हणून हाक मारत, 'मॅन' हे त्याला उत्तर होतं. हे समजावताना मी माझ्या गावाकडचं उदाहरण देतो. गावात महारवाड्यातल्या म्हाताऱ्यालाही वाड्यावरचं शेंबडं पोर 'ए किसन्या' म्हणायचं. किसनराव दूरच, किसनसुद्धा नाही. त्या 'न्या'ला उत्तर म्हणून फलकावर काय लिहाल, असं विचारलं की वर्ग मेम्फिसमध्ये पोचलेला असतो. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून उगाच घेतलं नव्हतं. मात्र मेम्फिस म्हणजे आपलंच गाव असं करून टाकू नका. वर्ण आणि जात यांची मुळं वेगळी आहेत, साम्य अपमानाच्या रीतीत आहे.

या फोटोचा छायाचित्रकार अर्नेस्ट विदर्स. स्वतः कृष्णवर्णीय, मेम्फिसचा, चळवळीतल्या सगळ्यांच्या घरातला माणूस. एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाच्या खुनाच्या खटल्यापासून त्याने सगळं टिपलेलं. तो गेल्यावर, २०१० मध्ये, तिथल्या वर्तमानपत्राने उघड केलं की तो एफबीआयला, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेला, माहिती आणि फोटो पुरवत होता. काहींनी गद्दार म्हटलं, काहींनी 'आमच्याकडे लपवण्यासारखं होतंच काय' म्हणून सोडून दिलं. माझ्यासाठी प्रश्न वेगळा आहे. तोच फोटो भिंतीवर लावला तर इतिहास, आणि फायलीत लावला तर ओळखपरेड. चेहरे तेच.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. नव्वदच्या दशकात एका कामगार मोर्च्याचा फोटो मी पान एकवर घेतला होता. पहिल्या रांगेत घोषणा देणारा एक फिटर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, फारच छान चौकट. आठवड्याने तो माणूस ऑफिसात आला. मला वाटलं, प्रत मागायला आलाय. त्याने खिशातून आमचंच कात्रण काढलं. कोपऱ्यात स्टेपलरची दोन भोकं. त्या दिवशी तो आजारपणाच्या रजेवर होता आणि कारखान्याने ते कात्रण जोडून त्याला मेमो दिला होता. चिडला नव्हता. म्हणाला, 'साहेब, फोटो झ्याक आलाय, घरी लावलाय. पण पुढच्या टायमाला जरा मागनं काढा.' त्या दिवसापासून मोर्च्याचा फोटो निवडताना मी एकदा तरी विचार करायचो की यातला कोण कुणाला न सांगता आलाय. दर वेळी फोटो बदलला असं नाही म्हणणार.

चौथा, रोझा पार्क्सचा. बसमध्ये गोऱ्या माणसासाठी सीट सोडायला नकार दिला म्हणून त्यांना अटक झाली होती, आणि तुम्ही हा फोटो बहुधा 'अटकेच्या दिवशीचा' म्हणून दाखवला असेल. बहुतेक जण तसंच करतात. तो फोटो २१ डिसेंबर १९५६ चा आहे, अटकेनंतर वर्षभराने, त्यांच्या मॉन्टगोमेरी शहरात बसमधला भेदभाव कायद्याने संपला त्या दिवशीचा, आणि मुद्दाम जुळवून काढलेला. मागच्या सीटवरचा गंभीर गोरा माणूस कुणी रागावलेला प्रवासी नाही, वृत्तसंस्थेचा बातमीदार आहे. ७०५३ नंबरची पाटी हातात असलेला पोलिसी फोटोही पहिल्या अटकेचा नव्हे, फेब्रुवारी १९५६ मधल्या दुसऱ्या अटकेचा. म्हणून तारीख आधी तपासा, अर्थ नंतर. हा फोटो मी सुरुवातीला दाखवत नाही. पहिल्याच फोटोत 'जुळवून काढलाय' कळलं की पोरं उरलेल्या सगळ्या फोटोंवर 'फेक' म्हणून शिक्का मारून मोकळी होतात. शेवटी दाखवला की विचार करतात: घडलेली गोष्ट खरी, बाई खऱ्या, बस खरी, मग जुळवलेलं नक्की काय?

पुढच्या तासाला फक्त बर्मिंगहॅमचा फोटो न्या. जमेल तेवढी मोठी, न कापलेली प्रत. खालच्या ओळी झाका. आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलालाच पुढे बोलवा. पोलिसाच्या दोन हातांचं वर्णन त्याला फळ्यावर लिहू द्या, दुसरं काही नको. पट्टा ताणलेला आहे की सैल, पोलीस कुत्र्याला सोडतोय की मागे ओढतोय, मुलाला खेचतोय की ढकलतोय, हे त्याने बघून सांगायचं. तुम्ही उत्तर देऊ नका. माझ्या वर्गात त्या पट्ट्यावरून आजवर एकदाही एकमत झालेलं नाही. मीच दोनदा मत बदललंय.